इमल्याची जोखीम : जुन्या शहरातील गुत्तेदार आणि विमा

मोर्णेच्या पश्चिम तीरावर, असदगडाच्या आश्रयाने वसलेल्या अकोल्याच्या जुन्या शहरात मातीच्या भिंतींची आणि धाब्याची घरे स्वातंत्र्योत्तर दशकांत हळूहळू उतरली व त्यांच्या जागी सिमेंट-सळईचे इमले उभे राहिले. परंतु बांधणीचे तंत्र पालटले तरी तीतील जोखमीची तजवीज मात्र पालटली नाही, हीच या कालखंडाची मला सर्वाधिक अस्वस्थ करणारी बाब वाटते.

कायदा पूर्वीच आला होता. 1923 चा कामगार नुकसानभरपाई कायदा 1 जुलै 1924 पासून अंमलात आला आणि मालकाची कसूर सिद्ध न होताही कामावरील अपघाताचे दायित्व मालकावर ठेवण्याचे तत्त्व त्याने रूढ केले. पुढे 1 जानेवारी 1973 रोजी सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण होऊन 107 विमा संस्था चार सरकारी कंपन्यांत विलीन झाल्या, आणि 2000 नंतर खाजगी कंपन्याही आल्या. सरकारी बांधकामांच्या निविदांत तर राज्याच्या विमा संचालनालयाकडूनच संपूर्ण रकमेचा व मुदतीचा सर्वजोखीम विमा आणि मजुरांचा विमा उतरवण्याची अट आली; तो न उतरवल्यास हप्त्याची रक्कम देयकातून परस्पर वसूल होऊ लागली. परिणामी, जो गुत्तेदार सरकारी नालीच्या कामावर विम्याच्या छत्राखाली असे, तोच गल्लीतील घराच्या स्लॅबवर केवळ शब्दाच्या भरवशावर उभा राही.

1996 च्या बांधकाम कामगार कायद्यानेही ही उणीव भरून निघाली नाही. कारण दहांहून कमी मजुरांची आस्थापना, तसेच दहा लाखांपर्यंत खर्चाचे स्वतःच्या राहत्या घराचे काम त्याच्या कक्षेबाहेर राहिले, आणि जुन्या शहरातील कितीतरी कामे नेमकी याच मापाची होती.

या कामांतील धोका जवळून पाहावा. गल्ली अरुंद असल्याने मिक्सर चौकाच्या तोंडाशी लागतो, वैशाखाच्या उन्हात माल लवकर आवळतो म्हणून स्लॅब पहाटेच सुरू होतो, आणि बल्ल्यांवर तोललेल्या सेंट्रिंगखाली-वर घमेल्यांची रांग चालते. त्याहून बिकट प्रसंग पायाच्या खोदाईचा; कारण काळ्या, फुगणाऱ्या जमिनीत कॉलमचा खड्डा उतरतो तो शेजाऱ्याच्या जुन्या मातीच्या भिंतीला लागूनच, आणि तिचा आधार ढळला तर दोन्ही कुटुंबे संकटात सापडतात. येथे एक कलम ध्यानी घेण्याजोगे आहे : सर्वजोखीम विम्यात त्रयस्थांच्या नुकसानीची तरतूद असली, तरी हादऱ्याने अथवा आधार काढल्याने शेजारच्या इमारतीला पोहोचलेली हानी प्रचलित मसुद्यात वगळलेली असते आणि ती स्वतंत्र पृष्ठांकनाने मागून घ्यावी लागते. पॉलिसी हाती असूनही नेमका याच ठिकाणी गुत्तेदार उघडा पडू शकतो.

मजुराच्या भरपाईचा हिशेबही लहान गुत्तेदाराच्या ऐपतीपलीकडचा झाला. 2020 च्या प्रारंभी हिशेबात धरावयाच्या मासिक वेतनाची मर्यादा 15,000 रुपये झाली. त्या वेतनाच्या तीस वर्षांच्या मजुराचा मृत्यू ओढवल्यास निम्मे वेतन 207.98 या गुणांकाने गुणून 15,59,850 रुपये देय होतात. इतकी रक्कम कोणाच्याही खिशातून सहजी निघत नाही, आणि ती निघाली नाही म्हणजे जोखीम अखेर मृताच्या घरावरच कोसळते. मजुरांचा विमा मात्र वेतनाच्या नोंदीवर उभा असतो, आणि मुकादमामार्फत रोकडीने दिलेल्या मजुरीचा हजेरीपट पुष्कळदा ठेवलाच जात नाही. म्हणून विम्याचे पहिले पाऊल विमा कंपनीच्या दारात नसून हजेरीपटाच्या वहीत आहे, असे माझे निश्चित मत आहे.

2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत नुकसानभरपाईचा हा जुना कायदा सामावून घेण्यात आला. पण कायद्याचे नाव बदलल्याने गल्लीतला व्यवहार बदलत नाही. तो बदलावयाचा तर घरमालकाने चौरस फुटाचा दर ठरवतानाच विम्याचा हप्ता त्यात धरावा, शेजाऱ्याच्या भिंतीचे पृष्ठांकन करारनाम्यात लिहून घ्यावे आणि गुत्तेदाराने प्रत्येक मजुराचे नाव वहीत चढवावे. शंभर वर्षांपूर्वी कायद्याने मान्य केलेला मजुराचा हक्क जुन्या शहरातील शेवटच्या स्लॅबपर्यंत पोहोचवण्याचा याहून सरळ मार्ग मला दिसत नाही.