नारिंगी जर्सीतली भांडणं

२०१२ च्या युरो स्पर्धेत नेदरलँड्सचा संघ खार्किव्हमध्ये तीन सामने खेळला आणि तिन्ही हरून परतला. दोनच वर्षांपूर्वी हाच संघ विश्वचषकाचा अंतिम सामना खेळला होता. खार्किव्हमध्ये डच चाहत्यांत एकच वाद पेटला होता: आघाडीला रॉबिन व्हॅन पर्सी की क्लास-यान हुंटेलार? पर्सीनं त्या मोसमात प्रीमियर लीगमध्ये ३० गोल मारले होते. हुंटेलारनं बुंडेसलीगामध्ये २९, शिवाय युरोच्या पात्रता फेरीत सगळ्यांत जास्त, १२. प्रशिक्षक बर्ट व्हॅन मारवाइक यांनी पर्सीला पसंती दिली आणि हुंटेलारला राखीव ठेवलं. त्यात कर्णधार मार्क व्हॅन बॉमेल हा त्यांचा सख्खा जावई! संशयाला एवढं निमित्त पुरे होतं.

पण हे दुखणं जुनं आहे. चाळीस वर्षं मागे गेलं तरी वाद तसाच दिसतो, फक्त नावं बदलतात. मला त्यात एक गोष्ट सारखी खटकते. चाहते अमक्याला घ्या, तमक्याला वगळा म्हणून भांडत राहिले; पण संघ नक्की कोण निवडतं आणि त्याचा शब्द अखेरचा असतो का, याचा निकाल डच फुटबॉलनं फार क्वचित लावला.

१९७१ ते १९७३ अशी सलग तीन वर्षं आयाक्सनं युरोपियन कप जिंकला. त्यानंतरच्या उन्हाळ्यात खेळाडूंनी कर्णधारपदासाठी मतदान घेतलं आणि योहान क्रायफऐवजी पीट कायझरला निवडलं. काही आठवड्यांतच क्रायफ बार्सिलोनाला निघून गेला. आयाक्सला पुढचा युरोपियन कप मिळायला १९९५ उजाडावं लागलं.

राष्ट्रीय संघात मात्र क्रायफचाच शब्द चाले. १९७४ च्या विश्वचषकात पीएसव्हीचा गोलरक्षक यान व्हॅन बेव्हरेन दुखापतीतून सावरत होता, त्याला वगळलं. त्याच्या जागी उभा राहिला ३३ वर्षांचा यान यॉन्गब्लूड. राष्ट्रीय संघाकडून तो आधी एकदाच, बारा वर्षांपूर्वी, काही मिनिटांपुरता मैदानात उतरला होता. गोलक्षेत्र सोडून पुढं येणं, पायानं खेळणं त्याला जमायचं आणि प्रशिक्षक मिशेल्स यांच्या ‘टोटल फुटबॉल’ला तेच हवं होतं. म्हणजे निवडीला खेळाचं कारण होतं. पण पीएसव्हीच्या, म्हणजे आइंडहोवनच्या चाहत्यांना ते कधीच पटलं नाही.

ठिणगी पडली ती १९७५ च्या ऑक्टोबरात. पोलंडविरुद्धच्या सामन्याआधी क्रायफ आणि नीस्केन्स बार्सिलोनाहून शिबिरात उशिरा पोहोचले. ‘आले बघा स्पेनचे राजे’, अशा अर्थाचं काहीतरी पीएसव्हीचा विली व्हॅन डर कायलेन बोलून गेला, असं सांगतात. प्रकरण चिघळलं आणि तो व व्हॅन बेव्हरेन, दोघंही शिबिर सोडून गेले. पोलंडला नेदरलँड्सनं ३-० असं हरवलं, त्यामुळे कुणी फारशी विचारपूसही केली नाही. ती व्हायला हवी होती. व्हॅन डर कायलेनचे डच लीगमधले ३११ गोल आजही विक्रम म्हणून उभे आहेत आणि देशासाठी तो खेळला अवघे २२ सामने. हा त्याच्यावर झालेला अन्यायच आहे, असं मी स्वच्छ म्हणतो.

१९८८ च्या युरोत पुन्हा मिशेल्सच प्रशिक्षक होते. पहिल्या सामन्यात त्यांनी मार्को व्हॅन बास्टनला चक्क राखीव बसवलं, सामना गेला, दुसऱ्यात त्याला उतरवलं आणि त्यानं इंग्लंडविरुद्ध तीन गोल केले. युरो कप घरी आला. निर्णय कुणाचा, याबद्दल त्या महिन्यात कुणाच्याच मनात शंका नव्हती.

दोन वर्षांनी सगळं विस्कटलं. खेळाडूंना प्रशिक्षक कोण हवा असं विचारण्यात आलं, त्यांनी क्रायफचं नाव घेतलं आणि नेमणूक झाली लिओ बेनहाकर यांची. मत विचारून ते डावलण्यापेक्षा न विचारलेलं परवडलं असतं. गुलिट, रायकार्ड, व्हॅन बास्टन असा संघ इटलीतल्या विश्वचषकात एकही सामना न जिंकता बाद झाला.

१९९६ च्या युरोतलं एक छायाचित्र मात्र विसरता येत नाही. इंग्लंडमधल्या हॉटेलात संघ जेवायला बसलाय. एका टेबलाभोवती कृष्णवर्णीय खेळाडू, बाकीच्या टेबलांवर गोरे. डच वृत्तपत्रांत हे चित्र झळकलं आणि संघ वंशावरून दुभंगल्याची बोंब उठली. त्याआधी एडगर डेव्हिड्सनं प्रशिक्षक गुस हिडिंक यांच्याबद्दल काही जणांचीच हुजरेगिरी करतात अशा अर्थाचं अर्वाच्य विधान केलं होतं आणि त्याला स्पर्धेतूनच घरी पाठवलं गेलं होतं.

मुळात आग होती आयाक्समधल्या पगाराची. १९९५ चा युरोपियन कप जिंकून देणाऱ्या डेव्हिड्स, क्लायव्हर्ट, रायझिगर या अकादमीत घडलेल्या पोरांचे करार जुन्या जाणत्यांच्या मानानं फार कमी रकमेचे होते. त्याच वर्षी डिसेंबरात युरोपीय न्यायालयाचा बॉस्मन निकाल आला. करार संपलेल्या खेळाडूला मोबदल्याशिवाय क्लब बदलता येऊ लागला आणि आपली किंमत किती ते या पोरांना समजलं. डेव्हिड्स मिलानला गेला. चाहते मात्र उद्धट कोण आणि कृतघ्न कोण, यातच अडकून राहिले. पगाराचा प्रश्न उपस्थित करणाऱ्याला उद्धट ठरवणं सोपं असतं.

१९९८ च्या विश्वचषकासाठी हिडिंकनी त्याच डेव्हिड्सला परत बोलावलं. दोघंही झालं-गेलं विसरून कामाला लागले. तुलूजमध्ये युगोस्लाव्हियाविरुद्ध १-१ अशी बरोबरी असताना, भरपाई वेळेत, डेव्हिड्सनं लांबून डाव्या पायानं चेंडू जाळ्यात धाडला. पुढं उपांत्य फेरीत ब्राझीलनं पेनल्टींवर हरवलं आणि नेदरलँड्स चौथ्या क्रमांकावर राहिलं. १९८८ चा चषक मान्य करूनही मला तो चौथ्या क्रमांकाचा संघच जास्त मोठा वाटतो.