रस्त्याकडेची झाडे आणि पालिकेचे अधिकारी

महाराष्ट्रातल्या शहरांत सार्वजनिक झाडांचा निर्णय वृक्ष प्राधिकरण आणि वृक्ष अधिकारी यांच्याकडे असतो. ‘महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५’ने ही व्यवस्था घालून दिली. २०२१च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांहून जुन्या झाडांना वारसा वृक्षांचा दर्जा मिळाला. अर्ज, पाहणी, हरकती, परवानगी ही कागदाची वाट अधिकाऱ्यांना सरावाने कळते. झाड मात्र शिकावे लागते, आणि प्रशिक्षणाची खरी गरज तिथेच आहे.

पहिला धडा छाटणीचा. फांदी बुंध्याला मिळते तिथे सालीची फुगीर कड असते. झाड जखम बंद करते ते याच कडेतून. अमेरिकी वनखात्यातील शास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो झाडे उभी चिरून पाहिली. झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही; कुजलेल्या भागाभोवती झाड भिंत उभी करते आणि त्यावर नवे लाकूड चढवते, हे त्यांनी दाखवले. म्हणून फांदी बुंध्यालगत सपाट कापणे घातक, आणि हातभर खुंट सोडणेही घातक. डांबर फासल्याने कुज थांबत नाही. जड फांदी तीन कापांत उतरवतात. बुंध्यापासून सुमारे फूटभर अंतरावर आधी खालून अर्धवट काप घ्यायचा, मग त्याच्या थोडे पुढे वरून कापून फांदी पाडायची, आणि उरलेला खुंट फुगीर कडेच्या बाहेरून काढायचा. खालचा काप चुकवला की फांदी आपल्या वजनाने सोलटत जाते आणि बुंध्याची साल हातभर उतरवते. पावसाळ्याआधीच्या घाईत अशा सोललेल्या जखमा कुठल्याही शहरात दिसतात.

दुसरा धडा धोका ओळखण्याचा. लाकडी हातोडीने बुंधा ठोकला की पोकळ जागेचा आवाज वेगळा येतो. बुंध्याशी उगवलेली अळंबी, मुळांजवळ भेगाळलेली किंवा उचललेली माती, नव्याने आलेला कल, या खुणांची नोंद व्हायलाच हवी. ढोली दिसली म्हणून झाड तोडण्याची शिफारस करणे मात्र चूक. भोवतालचे लाकूड पुरेसे जाड आणि निरोगी असेल, तर पोकळ झाडही वर्षानुवर्षे उभे राहते. पोपट-पिंगळ्यांची घरे तिथेच असतात.

सर्वात दुर्लक्षित भाग मुळांचा. अन्नपाणी शोषणारी बहुतेक मुळे जमिनीच्या वरच्या दोन-तीन फुटांत पसरलेली असतात. बांधकामाच्या वेळी झाड वाचवण्यासाठी ब्रिटिश मानक बुंध्याच्या व्यासाच्या बारापट त्रिज्येचे वर्तुळ राखायला सांगते. अर्ध्या मीटर व्यासाच्या झाडाला सहा मीटर. आपल्याकडे केबलचा चर अनेकदा बुंध्याला घासूनच जातो. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवती एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढायला सांगितले होते. बुंध्याला किमान श्वास घेता यावा एवढीच ती सोय. मुळांचा पसारा त्याहून कितीतरी मोठा.

चर खणण्याचे काम मात्र रस्ते, पाणीपुरवठा आणि मलनिस्सारण विभागांचे असते. म्हणून उद्यान विभागाबरोबरच या विभागांचे अभियंतेही वर्गात बसायला हवेत. करवत चालवणारा हात तर ठेकेदाराच्या माणसाचा. तीन कापांची पद्धत, मुळांजवळ यंत्राऐवजी हाताने खोदाई, आणि प्रशिक्षित मुकादमाची हजेरी या अटी निविदेतच लिहिल्या, तर बिल मंजूर करण्यापूर्वी त्या झाडापाशी उभे राहून तपासता येतात.