लघु विमानतळाचे भूमी-उपयोजन : नांदेड आणि औंढा नागनाथ परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :
एप्रिल 2023 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे 2,600 कोटी रुपयांच्या लायगो-इंडिया प्रकल्पास मंजुरी दिली आणि नागनाथाच्या ज्योतिर्लिंगासाठी ओळखले जाणारे औंढा हे गाव विज्ञानजगतातही परिचित झाले. तीर्थक्षेत्र आणि त्यालगत आंतरराष्ट्रीय महत्त्वाची वेधशाळा असा योग जुळला की 'येथे निदान छोटी धावपट्टी तरी व्हावी' ही अपेक्षा मनात येणे स्वाभाविक आहे. औंढ्यास जवळचा विमानतळ नांदेडचा. रस्त्याने अंतर सुमारे 60 किलोमीटर. ही अपेक्षा तपासण्यासाठी लघु विमानतळास किती आणि कशा प्रकारची जमीन लागते याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

लघु विमानतळ म्हणजे येथे जनरल एव्हिएशनचा विमानतळ अभिप्रेत आहे. वैमानिक प्रशिक्षण, खासगी व भाड्याची विमाने, हवाई सर्वेक्षण, रुग्णवाहतूक अशी वेळापत्रकाबाहेरची उड्डाणे तेथून होतात.

उन्हाळा आणि धावपट्टी :
विमानाला समुद्रसपाटीवर, प्रमाणित तापमानात लागणारी लांबी हा मूळ आकडा होय. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या पद्धतीनुसार दर 300 मीटर उंचीस 7 टक्के आणि त्या उंचीच्या प्रमाणित तापमानापेक्षा प्रत्येक अधिक अंशास 1 टक्का अशी त्यात वाढ करावी लागते. तप्त हवा विरळ असते. पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाची शक्तीही घटते. उदाहरणादाखल मूळ लांबी 1,000 मीटर, स्थळाची उंची 450 मीटर आणि सर्वांत उष्ण महिन्यातील दैनिक कमाल तापमानाची सरासरी 42 अंश धरू. उंचीमुळे लांबी 1,105 मीटर होते. त्या उंचीवरील प्रमाणित तापमान सुमारे 12 अंश, म्हणजे फरक 30 अंशांचा; लांबी 1,436 मीटरवर जाते. उंची व तापमान यांची एकत्रित वाढ 35 टक्क्यांपुढे गेल्यास स्वतंत्र अभ्यास अपेक्षित असतो. मराठवाड्याचा मे महिना ती मर्यादा सहज ओलांडतो. थंड हवेच्या प्रदेशातील आराखडा येथे जसाच्या तसा उचलणे किती धोक्याचे आहे, हे एवढ्यावरून ध्यानात यावे.

कुंपणाबाहेरची जमीन :
वरील धावपट्टी 30 मीटर रुंद धरली तर डांबराखाली जेमतेम 4.3 हेक्टर जमीन जाते. खरा प्रश्न त्यापुढचा आहे. धावपट्टीची श्रेणी प्रत्यक्ष लांबीवरून ठरत नाही, मूळ लांबीवरून ठरते. म्हणून ही दुसऱ्या श्रेणीची धावपट्टी होय. उपकरणांविना उतरण्यासाठी तिच्या प्रत्येक टोकापासून 60 मीटरवर एक अदृश्य उतार सुरू होतो. आरंभी 80 मीटर रुंद असलेला हा पट्टा 2,500 मीटर लांब पसरतो आणि 25 मीटरला 1 मीटर या प्रमाणात चढतो. त्याच्याखालची जमीन एका बाजूस 82.5 हेक्टर, दोन्ही बाजूंस 165 हेक्टर भरते. याखेरीज 2,500 मीटर त्रिज्येच्या वर्तुळात 45 मीटरची उंचीमर्यादा असते. त्याचे क्षेत्र सुमारे 1,960 हेक्टर. आता उताराच्या आरंभापासून 600 मीटरवर 30 मीटरचा मोबाइल मनोरा उभा राहिला असे समजू. तेथे परवानगीयोग्य उंची 24 मीटर. मनोरा खासगी शेतात, कायदेशीर मालकाच्या जागेत असूनही धावपट्टीचा उपयुक्त भाग तो कमी करतो.

म्हणजे चार हेक्टर डांबरासाठी जवळजवळ दोन हजार हेक्टर परक्या जमिनीच्या भवितव्यावर बंधन येते. त्या शेतकऱ्याला भूसंपादनाचा मोबदलाही मिळत नाही, कारण त्याची जमीन घेतलेली नसते. या अन्यायाची चर्चा आपल्याकडे क्वचितच होते.

उंचीची बंधने केंद्र शासनाच्या 2015 च्या नियमांत आहेत. विमान नियम, 1937 मधील नियम 91 विमानतळाच्या 10 किलोमीटर परिघात पशुहत्या आणि कचरा टाकणे यांस मनाई करतो, कारण तेथे पक्षी जमतात. पिकांबाबतही हा विचार हवा. ज्वारीवर पक्ष्यांचे थवे उतरतात. आपल्या वसमत भागातील हळदीवर उतरत नाहीत.

जमिनीचे आरक्षण मात्र महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 खाली होते. कलम 127 नुसार दहा वर्षांत संपादन न झाल्यास मालक नोटीस देऊ शकतो आणि ठरावीक मुदतीत शासनाने पावले न उचलल्यास आरक्षण संपुष्टात येते. विमानतळाची वाढ वीस-तीस वर्षांची असते. कायद्याचे घड्याळ त्याहून वेगाने चालते.

सुविधांचा क्रम :
नांदेडचा विमानतळ 2008 च्या गुरु-ता-गद्दी त्रिशताब्दीच्या निमित्ताने विकसित झाला. 2009 मध्ये लातूर, बारामती, यवतमाळ, उस्मानाबाद आणि नांदेड ही पाच विमानतळे 95 वर्षांच्या भाडेपट्ट्याने खासगी कंपनीकडे देण्यात आली. 27 एप्रिल 2017 रोजी 'उडान' योजनेतील पहिल्या सेवांपैकी नांदेड-हैदराबाद ही एक सेवा सुरू झाली. नियमित सेवा अशा येतात आणि खंडित होतात. त्यामुळे प्रथम भव्य प्रवासी इमारत उभारण्यापेक्षा विमाने उभी करण्याचे फलाट, हँगर, इंधनसाठा व अग्निशमन यांची सोय करणे शहाणपणाचे ठरते. हँगरसाठी धावपट्टीकडील कडा राखावी. दुकाने व कार्यालये रस्त्याकडे न्यावीत. एकदा ही कडा इतर बांधकामाला दिली की ती परत मिळत नाही.

औंढ्याचा प्रश्न :
दुधाळा परिसरातील वेधशाळेच्या प्रत्येकी 4 किलोमीटरच्या दोन भुजा परस्परांशी काटकोन करतील. सुमारे 10 हर्ट्झपासून काही हजार हर्ट्झपर्यंतच्या कंप्रतेच्या गुरुत्वीय लहरी त्यांना टिपावयाच्या आहेत. विमानाचा घरघराट नेमका याच पट्ट्यात येतो. अमेरिकेतील हॅनफोर्ड व लिव्हिंग्स्टन येथे परिसरातील गोंगाट ओळखण्यासाठी ध्वनिग्राहक आणि भूकंपमापक बसवावे लागले आहेत. प्रशिक्षणाची विमाने तर एकाच आकाशात दिवसभर घिरट्या घालतात.

विमानतळाला कुंपणाबाहेर मोकळे आकाश लागते, वेधशाळेला कुंपणाबाहेर शांत जमीन. दोघांनाही आपल्या मालकीच्या नसलेल्या जमिनीवर हक्क सांगावा लागतो. म्हणून औंढ्याला स्वतंत्र धावपट्टी असू नये, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. त्याऐवजी नांदेड विमानतळाभोवतीच्या उंचीमर्यादा नांदेड-वाघाळा महानगरपालिकेच्या विकास आराखड्यात सर्व्हे क्रमांकांनिशी दाखवाव्यात, आणि औंढ्याच्या परिसरात खाणी, जड उद्योग व हेलिपॅड कोठे नकोत हे प्रादेशिक योजनेत आताच नोंदवावे. ज्यांच्या जमिनीवर ही बंधने येतील त्यांना भरपाई कोणत्या तत्त्वाने द्यावयाची, हे ठरविण्याची वेळ बांधकामे उभी राहण्यापूर्वीची आहे.