लेखणीचा वाफसा

आज आषाढ शुद्ध एकादशी. ज्येष्ठात आमच्या पैठणाहून निघालेली नाथमहाराजांची पालखी पंढरीस विसावली आहे. आजपासून देव शयन करतील आणि घरोघरी चातुर्मासाचे नेम सुरू होतील. कोणी भागवताच्या पारायणाचा संकल्प करील, कोणी जपाची संख्या ठरवील. अशा पवित्र संकल्पातही घाई हळूच कशी शिरते, याचा अनुभव आम्ही घेतला आहे. तो सांगावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्या मराठवाड्यातील जाणता शेतकरी पाऊस पडला की लागलीच तिफण जुंपीत नाही. चिखलात औत घातले तर काळ्या जमिनीची ढेकळे होतात. ओल उडाल्यावर टाकलेले बी वाया जाते. ओल आणि ऊब यांचा मेळ बसून जमीन पेरणीजोगी होते, तिला तो वाफसा म्हणतो आणि त्याची वाट पाहतो. हे वाट पाहणे आळसाचे नव्हे. त्यात त्याचे सारे लक्ष मातीकडे लागलेले असते. ग्रंथरचनेसही असाच वाफसा लागतो, हे नाथांच्या चरित्रावरून कळते.

श्रीएकनाथमहाराजांनी आपल्या ग्रंथांच्या अखेरीस काळाची नोंद करून ठेविली आहे. 'रुक्मिणीस्वयंवर' काशीक्षेत्री शके 1493 मध्ये, म्हणजे इसवी सन 1571 मध्ये, रामनवमीस पूर्ण झाले. एकादश स्कंधावरील टीकेचे पहिले पाच अध्याय पैठणास झाले, पुढील काशीस. एकतीस अध्यायांचा तो महाग्रंथ शके 1495 च्या, म्हणजे 1573 च्या, कार्तिकी पौर्णिमेस सिद्धीस गेला. देव जागे झाल्यानंतर अवघ्या चार दिवसांनी! ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत शके 1506 मध्ये, 1584 साली, भाद्रपदातील कपिलाषष्ठीच्या दुर्मिळ पर्वावर गोदातीरी तयार झाली. एक ग्रंथ वसंतातला, एक शरदातला, एक भर वर्षाकाळातला. नाथांची लेखणी ऋतूंच्या आणि पर्वांच्या सोबतीने चालत होती.

आणि हे सारे प्रपंच सांभाळून! प्रातःकाळी गोदास्नान, पुढे पूजा, दुपारी पुराण, रात्री कीर्तन, दाराशी आलेल्या अतिथीस अन्न, असा नाथांचा दिनक्रम परंपरा सांगते. ही सावधानता त्यांना देवगिरीवर लाभली. जनार्दनस्वामींच्या सेवेत असता हिशेबातील एका पैची चूक शोधण्यासाठी त्यांनी रात्र जागून काढल्याची कथा प्रत्येक कीर्तनकार सांगतो. आम्हीही ती शेकडो वेळा सांगितली आहे. पुढे त्याच वृत्तीने त्यांनी ज्ञानेश्वरीचे पाठ तपासले. ज्ञानेश्वरी 1290 सालची. मध्यंतरीच्या तीन शतकांत नकलांमधून अपपाठ शिरले होते. पैची चूक शोधणाऱ्या दृष्टीनेच ते निवडता आले.

असे असूनही आमच्या हातून काय घडले, ते ऐकावे. दोन वर्षांपूर्वी चातुर्मासात आमच्या वाड्यात नाथभागवताचे वाचन चालले होते. कार्तिकी पौर्णिमेसच समाप्ती करावयाची, असा आमचा हट्ट. भाद्रपदात बाहेरगावची कीर्तने वाढली, एकेका दिवशी दोन गावे झाली आणि वाचन मागे पडले. आश्विनात ती तूट भरून काढण्यासाठी आम्ही पाने उलटू लागलो. तेविसाव्या अध्यायातील कदर्यूची कथा एका बैठकीत संपविली. दुसरे दिवशी एक वृद्ध माउली पोथीस नमस्कार करून म्हणाल्या, "महाराज, काल तुम्ही लई पुढं निघून गेलात. मी अजून त्या कदर्यूपाशीच बसलेय."

त्या बाईंना अक्षरओळख नाही. परंतु त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. कदर्यू हा अवंतीचा कृपण ब्राह्मण. त्याने धन साठविले. ना देवास दिले, ना आप्तांस, ना स्वतः भोगले. सारे गेल्यावर त्याचे डोळे उघडले. आम्ही धनाचे नव्हे, पण काळाचे कदर्यू झालो होतो. दिवस वाचवीत होतो. आणि ज्या ओवीपाशी थांबावयाचे, तिलाच वेळ देत नव्हतो.

दुसरे दिवशी तोच अध्याय पुन्हा उघडला. त्यास नऊ दिवस लागले. समाप्ती मार्गशीर्षात झाली. पौर्णिमा हुकली, श्रोता मात्र एकही कमी झाला नाही.

तेव्हापासून आमच्या लेखणीचाही क्रम पालटला. एका संस्कृत स्तोत्रावरील टीका अकरा वर्षे आमच्या मेजावर पडून आहे. पूर्वी तिचे ओझे वाटे. आता पावसाळ्यात केवळ वाचतो व ऐकतो, शरद-हेमंतात लिहितो, उन्हाळ्यात लिहिलेले खोडतो. साठी उलटली आहे. टीका पुरी होईलच, असे म्हणवत नाही. पण नाथांचे 'भावार्थरामायण'ही युद्धकांडाच्या चव्वेचाळिसाव्या अध्यायापाशी थांबले. शके 1521 च्या फाल्गुन वद्य षष्ठीस नाथांनी देह ठेविला आणि पुढील भाग शिष्य गावबा यांनी पूर्ण केला. नाथांचे जेथे अपुरे राहिले, तेथे आम्ही कोण? लिहिलेले तेवढे खरे उतरावे, ही चिंता आम्हांस पुरे आहे.

वाचकहो, आपण यंदा पारायणाचा नेम धरला असेल तर तो अवश्य पाळावा. परंतु एखादी ओवी मनात रुतली, तर त्या दिवशी तेथेच पोथी बांधावी. घरातील लेकराबाळांस ती सांगावी, स्वयंपाक करताना, देवपूजा करताना ती आठवावी. चार महिने देव निजला आहे. आपल्यालाही घाई करण्याचे कारण नाही.