आधी अनुभव, मग मतदान

फूटपाथ रुंद करायचा म्हटलं की दुकानदार का धास्तावतात, ते मागच्या आठवड्यात पाहिलं. आज प्रश्न वेगळा आहे: लोकांचा विरोध नेमका कधी मोजायचा? याचं स्वच्छ उत्तर स्टॉकहोमइतकं क्वचितच दुसऱ्या शहरानं दिलं असेल.

स्वीडनची ही राजधानी बेटांवर वसली आहे. शहराच्या मध्यभागी शिरायचं तर बहुतेकांना पूल ओलांडावा लागतो आणि गर्दीच्या वेळी त्या पुलांवर गाड्यांची रांग ठरलेली. गाड्यांवर प्रवेशशुल्क लावणार नाही, असं पुढे शहराच्या महापौर झालेल्या अनिका बिलस्ट्रम यांनी 2002 च्या निवडणुकीत सांगितलं होतं. पण त्यांच्या पक्षाला देशातलं सरकार टिकवायला ग्रीन पक्षाचा पाठिंबा लागला आणि त्या पक्षानं अट घातली ती नेमकी शुल्काचीच. लोक भडकले. दिलेला शब्द फिरवला गेला होता, तेव्हा त्यांचा राग रास्तच होता.

तोडगा निघाला तो असा: आधी काही महिने करून बघायचं, मग मतदान घ्यायचं. ऑगस्ट 2005 पासून जादा बस रस्त्यावर आल्या. शुल्क सुरू झालं 3 जानेवारी 2006 ला. ना टोलनाका, ना अडसर. शहरात शिरण्याच्या 18 ठिकाणी कॅमेरे गाडीचा नंबर टिपत. वेळेनुसार 10 ते 20 क्रोनर, दिवसाला जास्तीत जास्त 60. रात्री आणि शनिवार-रविवारी काहीच नाही. पहिल्याच दिवशी रस्ते मोकळे दिसले. शुल्काच्या हद्दीवरची वाहनं सुमारे एक पंचमांशानं घटली. नुसत्या जादा बसनं हे साधलं नव्हतं. 31 जुलैला प्रयोग थांबला आणि गाड्या बऱ्याच अंशी परतल्या. शुल्कानं काय केलं होतं, ते त्यामुळे लोकांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं.

प्रयोगाआधी बहुमत विरोधात होतं. 17 सप्टेंबरच्या मतदानात शहरानं निसटत्या बहुमतानं होकार दिला. मतदान घेणाऱ्या आसपासच्या बहुतेक नगरपालिकांनी मात्र नकार दिला, हेही सांगायला हवं. बिलस्ट्रम यांची सत्ता त्याच दिवशी गेली. नव्या सरकारमधल्या पक्षांनी आधी विरोध केला होता, तरी ऑगस्ट 2007 पासून शुल्क कायमचं झालं. पुढे पाठिंबा दोन तृतीयांशांच्या वर गेला. वाहतूक-अभ्यासक योनास इलियासन यांना तर असं आढळलं की मत बदललेल्या कित्येकांना ते बदलल्याचं आठवतही नव्हतं!

याचं कारण मला साधं वाटतं. खिशातून जाणारे पैसे आधीच दिसतात. वाचणारा वेळ आणि स्वच्छ हवा अनुभवल्याशिवाय पटत नाही. म्हणून आधी घेतलेला कौल भीतीचा असतो.

पण करून बघायचं तर नीट तयारीनिशी. पुण्यात त्याच 2006 च्या डिसेंबरात कात्रज-स्वारगेट-हडपसर बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव मार्गिका, अर्धवट कामांनिशी सुरू झाली. पुणेकरांनी अनुभवला तो अर्धवटपणा, आणि राग धरला तो बीआरटीवर. नगर रस्त्यावरची मार्गिका तर पुढे उखडली गेली. हे टाळता आलं असतं, असं माझं ठाम मत आहे.

पुढच्या आठवड्यात ऑकलंड. तिथे 2016 मध्ये सुमारे तीन चतुर्थांश निवासी जमिनीवर जास्त घरं बांधायला मुभा मिळाली. तोवर तुमच्या प्रभागात एखाद्या रस्त्याच्या किंवा पार्किंगच्या बदलाला विरोध सुरू असेल, तर नगरसेवकाला एवढंच विचारा: हे आधी तीन महिने, पूर्ण तयारीनिशी करून का बघत नाही?