आधी गुडघे दाखवा

बदलापूर पश्चिमेला, उल्हास नदीच्या अंगाला हेंद्रेपाडा आहे. इथे राहणाऱ्या माणसाला सहलीचा सल्ला मागावा लागत नाही. दारात बॅग दिसली की तो आपोआप सुरू होतो. इस्त्रीवाला विचारतो, रिक्षावाला विचारतो, आणि जिन्यात भेटलेली शेजारीण "कुठे?" असं विचारून उत्तर यायच्या आत "तिकडे आता उकडत असेल हो" म्हणून मोकळी होते. फुकटचा सल्ला म्हणून तो कानाआड करता येतो. मी मात्र बरीच वर्षं हा व्यवहार कान देऊन ऐकत आलेय. यात कसब आहे, आणि ते फार थोड्यांकडे असतं. कच्चा सल्लागार जागेविषयी बोलतो. मुरलेला सल्लागार आधी तुमच्याविषयी विचारतो.

आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक काकू आहेत. गिरनारला निघालेला आसपासचा माणूस त्यांच्याकडे एक चक्कर टाकल्याशिवाय तिकीट काढत नाही. दत्तभक्तीमुळे आमच्याकडच्या मराठी घरांत गिरनारची ओढ मोठी. गिरनारचं जुनागढ गुजरातेत असलं तरी तिथल्या पायऱ्यांवर "अजून किती राहिलं हो?" हा प्रश्न मराठीत सतत ऐकू येतो. काकू तिथे अनेकदा जाऊन आल्यात. परवा शेजारच्या विंगमधलं एक जोडपं त्यांच्याकडे आलं, तेव्हा मी तिथेच मटार सोलत बसले होते.

"काकू, गिरनारला जायचंय. काय काय न्यावं लागतं?"

"कोण कोण जाताय?"

"आम्ही दोघं, आणि ह्यांची आई."

"आईंचं वय?"

"सत्तरच्या पुढे. पण ठणठणीत आहेत."

"ठणठणीत म्हणजे चढायला की उतरायला?"

इथे ते दोघं गप्प झाले. काकूंनी मग आपली नेहमीची परीक्षा सांगितली. आमच्या इमारतीला चार मजले आहेत आणि लिफ्ट नाही. रोज संध्याकाळी गच्चीपर्यंत चढायचं आणि न थांबता खाली यायचं, असं दहा वेळा. आठवडाभर करायचं. चढताना दम लागला तर काळजी नाही, बसून घेता येतं. उतरताना गुडघा बोलायला लागला तर मात्र आईंसाठी डोलीचा विचार आधीच करून ठेवायचा, वर जाऊन घासाघीस करायची नाही.

पायथ्यापासून दत्तपादुकांपर्यंत सुमारे दहा हजार पायऱ्या आहेत. 24 ऑक्टोबर 2020 ला रोपवे सुरू झाला, तेव्हापासून "आता काय, पाळण्यात बसायचं की पोचलंच" असं सांगणारे पुष्कळ झालेत. काकूंचा खरा राग या मंडळींवर. रोपवे अंबाजीच्या देवळापर्यंत जातो, म्हणजे साधारण निम्म्यावर. तिथून पुढे गोरखनाथांचं शिखर, मग भरपूर उतार, मग दत्तशिखराचा चढ. जाताना जो उतार लागतो तोच परतताना चढ होतो, आणि तेव्हा पायांत काही उरलेलं नसतं. "हे कुणी सांगत नाही," काकू म्हणाल्या. "दर्शन झालं की माणूस विसरतो." शिवाय वारा सुटला की रोपवे बंद ठेवतात. रोपवेच्या भरवशावर परतीची गाडी त्याच दिवशीची काढायची नाही. पायी जायचं असेल तर मध्यरात्रीनंतर चढायला लागायचं, म्हणजे ऊन डोक्यावर यायच्या आत शिखर होतं. काठी खालूनच भाड्याने घ्यायची. बॅटरी हातात धरायची नाही, डोक्याला बांधायची, कारण एक हात काठीला आणि एक कठड्याला लागतो.

"काय काय न्यावं लागतं" या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात शेवटी आलं, तेही एका वाक्यात. कमी न्या.

सल्ला कुठे मिळतो यावरही त्याचा बाज ठरतो. आमच्याकडचा मोठा बाजार म्हणजे लोकलचा महिला डबा. बदलापूर ते सीएसएमटी हे अंतर 68 किलोमीटर. बसायला जागा मिळाली तर दीड तासाची निवांत बैठक होते. अंबरनाथ, उल्हासनगरपर्यंत घरचे विषय चालतात, कल्याणला गर्दी आत घुसली की आवाज चढतात, आणि मग कुणाच्या तरी काश्मीरचा विषय उभ्या बायकांच्या डोक्यांवरून या खिडकीकडून त्या खिडकीकडे जातो. इथे मिळणारा सल्ला तुकड्यातुकड्यांत असतो. ठाण्याला उतरणारी बाई "आणि मुख्य म्हणजे" एवढं बोलून दाराकडे सरकते. मुख्य काय ते दुसऱ्या दिवशी.

पण या डब्यात असल्या गोष्टी कळतात ज्या कुठल्याही माहितीपत्रकात ठळक छापत नाहीत. जम्मू-काश्मीरमध्ये बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम चालत नाही, घरात एकाचं तरी पोस्टपेड हवं. लेह साडेतीन हजार मीटरवर आहे, विमानातून उतरल्यावर पहिले दोन दिवस खोलीत पडून राहायचं, नवरा कितीही फिरायला चल म्हणाला तरी. तिरुपतीचं तीनशे रुपयांचं दर्शन आधीच ऑनलाइन काढायचं, तिथे जाऊन रांगेत हुशारी दाखवायची नाही. आणि सगळ्यात मोलाची माहिती स्वच्छतागृहांची. कुठल्या घाटात कुठल्या हॉटेलात थांबायचं, कुठे पेट्रोल पंपावर जायचं, कुठे आधीच पाणी कमी प्यायचं. पुरुषांच्या सल्ल्यात हा विषयच नसतो. त्यांच्याकडून रस्ता, टोल आणि मायलेज कळतं. म्हणून माझा नियम असा की एका जागेविषयी निदान एका बाईला आणि एका पुरुषाला विचारावं, शक्यतो नवरा-बायकोला, पण वेगवेगळं गाठून.

हेंद्रेपाड्याचं स्वतःचं एक पंचांगही आहे. नदी जवळ, त्यामुळे 26 जुलै 2005 चा पूर कुणी विसरलेलं नाही. 2019 च्या जुलैत बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली, हजाराहून जास्त प्रवाशांना बाहेर काढावं लागलं, तेव्हा इथेही घराघरांत पाणी होतं. त्यामुळे तळमजल्यावरची माणसं जुलैत सहल ठरवत नाहीत. पावसाळ्यातल्या स्वस्त पॅकेजचं कितीही कौतुक केलंत तरी ती फक्त मान डोलावतात. वरच्या मजल्यावरचे लोक जातात, आणि जाताना किल्ली खाली देऊन जातात. म्हणजे पाणी चढलं तर खालच्यांचा टीव्ही वर नेता येतो.

गणपतीचा सल्ला हे वेगळंच शास्त्र. कोकणातली घरं इथे पुष्कळ, आणि कोकणच्या गाड्या काही बदलापूरवरून जात नाहीत. 1 नोव्हेंबर 2024 पासून रेल्वेचं आगाऊ आरक्षण 120 दिवसांवरून 60 दिवसांवर आलं. तेव्हा सगळ्या जुन्या वह्यांतली गणितं बाद झाली. आता प्रवासाचा दिवस सोडून साठ दिवस मागे मोजायचे आणि सकाळी आठच्या ठोक्याला बोटं तयार ठेवायची. आठ वाजून पाच मिनिटांनी वेटिंगची यादी दिसते, ती बघून चहा प्यायचा. मग दुसरी फळी: पहाटेची लोकल पकडून दिव्याला जायचं आणि सावंतवाडीची गाडी तिथून सुटते ती पकडायची. गाडी तिथूनच सुटते, पण म्हणून जागा मिळेलच असं नाही, हे सांगणारा खरा मित्र.

परदेशाचा सल्ला पूर्वी टूर कंपनीपुरता होता. केसरी 1984 ला सुरू झाली, वीणा वर्ल्ड 2013 ला, आणि मध्यमवर्गीय मराठी माणूस गटाने, घरच्या चवीचं जेवण जेवत युरोप बघायला शिकला. त्या काळी आमच्याकडे पहिला प्रश्न असायचा, "टूर मॅनेजर कोण होता?" आजही विचारतात, आणि मला तो प्रश्न शहाणपणाचा वाटतो. आल्प्स सगळ्यांना तेच दिसतात, हरवलेल्या पासपोर्टसाठी धावणारा माणूस मात्र प्रत्येकाला मिळत नाही. आता मुलं जर्मनीत, अमेरिकेत असतात आणि आई-वडील आपले आपण जातात. त्यामुळे सल्ले बदलले. ब्रिटनला तीन चौकोनी पिनांचा प्लग लागतो, युरोपात दोन गोल पिनांचा. जपानात विजेचा दाब 100 व्होल्ट, आपली किटली तिथे कोमट पाण्यावरच अडून बसते. शेंगेनच्या व्हिसाला किमान तीस हजार युरोचा विमा दाखवावा लागतो. अमेरिकेला लोणचं चेक-इनच्या बॅगेत, घट्ट बंद, आणि विचारलं तर सरळ सांगायचं.

एक सल्ला मात्र मला खटकतो, तरी तो किती उपयोगी आहे हे नाकारता येत नाही. इंग्रजीची भीती असलेल्या आई-वडिलांसाठी विमानकंपनीकडे व्हीलचेअर मागून ठेवायची. चालता येतं, प्रश्न चालण्याचा नसतोच. खुर्ची ढकलणारा माणूस इमिग्रेशनच्या रांगेपासून पुढच्या गेटपर्यंत नेऊन सोडतो. पहिल्यांदाच दोन विमानं बदलणाऱ्या आजोबांना याचा केवढा आधार वाटतो, हे मी पाहिलंय. पण खरंच चालता न येणारी माणसं त्याच खुर्चीची वाट बघत बसलेली असतात, हेही सल्ला देणाऱ्याने सांगायला हवं. सांगत नाहीत.

ऐकीव माहितीवर घर सोडण्याची मराठी परंपरा जुनीच. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे 1857 मध्ये उत्तरेकडे निघाले, ते मथुरेला बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आणि भरपूर दक्षिणा मिळणार, ही बातमी कानावर आली म्हणून. पुढे गडबड होणार, असं वाटेत पलटणीतल्या शिपायांनी सांगितलं, तरी भटजी गेलेच. दक्षिणेऐवजी बंड, झाशीचा वेढा आणि लूटमार वाट्याला आली. त्यांचं 'माझा प्रवास' 1907 मध्ये छापून आलं. निघायची बातमी मनावर घेतली, परतायची घेतली नाही. आमच्या डब्यातल्या निम्म्या सहलींचं तसंच असतं.

सल्ल्याला मुदत असते, ही गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. थायलंडला भारतीयांना व्हिसा लागत होता, मग नोव्हेंबर 2023 पासून तीस दिवसांपुरता माफ झाला, जुलै 2024 मध्ये ते साठ दिवस झाले. मधल्या काळात दोन वर्षांपूर्वी जाऊन आलेला माणूस पूर्ण खात्रीने जुनंच सांगत होता. म्हणून काकू दुसऱ्या कुणाचा सल्ला ऐकताना आधी "तुम्ही कधी गेला होतात?" हे विचारतात आणि उत्तर चार-पाच वर्षांपलीकडचं असेल तर फक्त देवळाविषयी ऐकून घेतात. दर, वेळा, हॉटेल सोडून देतात.

त्यांच्याकडे एक जुनी लांबट वही आहे, किराणाच्या हिशेबाला वापरतात तसली. गिरनारच्या पानावर डोलीचा दर किती वेळा खोडून नवा लिहिलाय ते मोजवत नाही. त्यांची एकच अट असते, परत आल्यावर येऊन सांगायचं. ज्याने येऊन सांगितलं नाही, त्याला पुढच्या वेळी फक्त चहा मिळतो. ते जोडपं दोन आठवड्यांनी आलं. आईंनी जिन्याची परीक्षा तिसऱ्याच दिवशी सोडली होती, त्यामुळे त्या अंबाजीपर्यंत रोपवेने गेल्या, दर्शन घेऊन खाली उतरल्या आणि जुनागढला धर्मशाळेत दिवसभर झोपल्या. मुलगा आणि सून वर जाऊन आले. पाय अजून धरलेले होते.

काकूंनी वही उघडली, चष्मा लावला आणि डोलीचा दर विचारला. डोली केली नाही म्हटल्यावर त्या जराशा नाराज झाल्या.

"निदान विचारायचा तरी," म्हणाल्या. "पुढच्या महिन्यात बी विंगमधले जाताहेत. त्यांचे आजोबा नव्वद किलोचे आहेत."

"वजनावर दर असतो?" सुनेने विचारलं.

"मग? माणसांनीच उचलायचं ना!"

सुनेने तिथल्या तिथे जुनागढच्या धर्मशाळेत फोन लावला.