घरातली हिरवाई : मनीप्लांटचं सगळं पेरात

मागच्या भागात उजेड आणि पाणी यांचा हिशेब मांडला. आज एका वेलाचे चार कसे करायचे ते पाहू. त्यासाठी मनीप्लांटइतकं सोपं झाड नाही, तरी बाटलीत खोचलेल्या कित्येक तुकड्यांना कोंब म्हणून फुटत नाही. कारण बहुधा एकच असतं : कापताना नजर पानावर असते, ती पेरावर हवी. पानाचा देठ वेलाला जिथे मिळतो तो सांधा म्हणजे पेर. त्यावर बोट फिरवलं की तपकिरी, खरखरीत उंचवटा लागतो. ते हवेतल्या मुळाचं टोक. देठाच्या बगलेत नव्या कोंबाचा डोळा दडलेला असतो. नुसतं पान देठासकट पाण्यात ठेवलं तर कधी कधी मुळं धरतंही, पण डोळाच नसल्याने त्याचा वेल होत नाही. ऊस लावणारा टिपरीवरचा डोळा आधी पाहतो, तो याचसाठी.

या वेलाचा जगभरचा पसाराही हेच सांगतो. त्याचं मूळ घर फ्रेंच पॉलिनेशियातलं मोरेआ बेट. लागवडीतल्या वेलाला आपसूक फूल आल्याची शेवटची नोंद १९६४ सालची मानली जाते. फुलण्यासाठी लागणारं जिबरेलिन हे संप्रेरक त्याच्या अंगी पुरेसं तयारच होत नाही, हे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं; ते बाहेरून फवारल्यावर फुलं आली. फूल नाही, म्हणजे बी नाही. मग घराघरांत पोचलेला हा वेल पेर असलेल्या तुकड्यांच्या जिवावरच पसरला, हे उघड आहे.

यावर कुणी म्हणेल, चोरून आणलेला मनीप्लांटच फोफावतो. त्यात चोरीचा गुण नाही. घाईत ओढून तोडलेला लांब तुकडा दोन-तीन पेरं घेऊनच येतो, आणि मागून आणलेली तशी कांडीही तेवढीच वाढते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : पाण्यात वेल वर्षानुवर्षं जगतो, मग मातीची कटकट कशाला? जगतो हे खरं, पण साध्या पाण्यात अन्नद्रव्यं नगण्य असतात, त्यामुळे पानं लहान राहतात आणि वाढ रेंगाळते. शोभेपुरता हवा असेल तर पाणी पुरे. भरदार हवा असेल तर माती हवी. मात्र पाण्यात फार काळ वाढलेली मुळं मातीत रुळायला वेळ घेतात, म्हणून ती दोन इंचांची झाली की कांडी कुंडीत लावून टाकावी.

कृती छोटीच. पेराच्या बोटभर खाली स्वच्छ कात्रीने काप घ्यावा, खालचं पान काढावं, पेर पाण्यात आणि उरलेलं पान पाण्याबाहेर राहील असं पाहावं. बुडालेलं पान कुजतं. पाणी आठवड्याला बदलावं. पिवळ्या नक्षीची पानं हवी असतील तर कांडीही तशाच भागातली निवडावी, कारण पूर्ण हिरव्या भागातून बहुधा हिरवाच वेल येतो. चीक अंगाला खाजतो आणि पान चावल्यास तोंडाची आग होते, तेव्हा लहान मुलं आणि मांजरं यांच्यापासून कुंडी दूर ठेवावी. छाटलेल्या मूळ वेलालाही उरलेल्या डोळ्यांतून नवे फाटे फुटतात, त्यामुळे कांडी देणाऱ्याचं नुकसान होत नाही.

पुढच्या भागात स्नेक प्लांट : त्याच्या पानाच्या तुकड्यातून नवं झाड येतं, पण पिवळी किनार का येत नाही?